सिलिंडरचा झगा

टेप घेतलाच नाही आदाउतोने.
उकिडवा बसला, दोन्ही हातांनी सिलिंडर कवटाळला
आणि म्हणाला, एकशे तेरा.
'शिवणीला तीन सोड,' खुर्चीतून लिंदाल्वा.
एकतीस वर्षं क्रातोच्या चढांवर
हेच लोखंड वाहिलंय त्याने उजव्या खांद्यावर.
तिथे अजून खळगा आहे,
त्यात कॉफीची बशी राहील, असं ती म्हणते.

तिच्या डोळ्यावर पट्टी. मोतीबिंदू काढून चार दिवस,
वाकायचं नाही, सुईकडे तर बघायचंही नाही.
आणि नेमका परवा जुना झगा शेगडीला लागला,
झालर करपली, नेफ्यातलं इलास्टिक लोंबायला लागलं.
बाजारातून दुसरा आणू, तो म्हणाला.
बाजारातल्याला मापाची अक्कल नसते, ती म्हणाली.

कापड शीता. पंजाएवढी लाल फुलं, मागे गर्द निळं.
आपल्या चिटाचंच नाव ते,
जहाजात बसून, खाऱ्या वाऱ्याने थोडं घोगरं होऊन
तिकडे उतरलेलं. त्यांना त्याचं काही नाही.
त्यांच्या लेखी ते जूनच्या जत्रेतल्या परकराचं कापड,
त्यातलं उरलेलं दीड मीटर.

आदाउतो आयुष्यभर हसला या झग्यांना.
दारात पान्याने टण टण, आत पाऊल टाकलं की
लोखंडाला फ्रॉक!
कुठे लेस, कुठे कापडी कोंबडीचं डोकं,
एका घरात तर गळ्याला बो.
दोन बोटांनी उचलून बाजूला टाकायचा
आणि ट्रकपाशी येऊन नकला करायचा.

आता स्वतः झालर घालतोय.
एक चुणी, बोटभर जागा, एक चुणी.
'दाटीवाटी नको रे, श्वास घेऊ दे तिला.'
पट्टीआडून तिला मशीनच्या आवाजावरून कळतं
कुठे याचा हात अडला, कुठे याने कापड ओढलं.
दोनदा दोरा तुटला. तिसऱ्यांदा त्याने शिवी हासडली
आणि भिंतीवरच्या संत आंतोनियोकडे बघून
अर्धी परत घेतली.

झगा झाला. चढवला. अगदी अंगाबरोबर बसला.
मग दिसलं,
नळीला वाट ठेवलीच नव्हती.

दोघं गप्प.
मग लिंदाल्वा हसायला लागली,
डोळ्याला ताण नको म्हणून बजावलं होतं डॉक्टरने, तरी,
पोट धरून, पट्टी ओली होईस्तोवर.
'एकतीस वर्षं! अरे, नळी कोण जोडत होतं एकतीस वर्षं?'

त्याने कात्री घातली. उभी चीर, वीतभर.
कड दुमडून हाताने तुरपली,
टाके विरळ, त्याच्याच दातांसारखे.
तिने चिरेवरून बोट फिरवलं, एका टाक्याशी थांबली.
'हा उसव.'
मग जरा वेळाने, 'राहू दे.'

दीड महिन्याने गॅस संपला. संपतोच तो,
रविवारी, घेवडा अर्धा शिजलेला असताना.
वाल्डेनिर आला, कोवळा पोरगा,
खांद्यावर फडक्याची घडी ठेवलेला.
झगा ओढायला वाकला, तर आदाउतो मध्ये.
'थांब. मी काढतो.'
नळी सोडवली, मग दोन्ही हातांनी, सावकाश,
झोपलेल्या पोराचं झबलं काढावं तसा काढला.
रिकामा गेला, भरलेला आला,
त्याला वेगळाच पोचा, कुणा दुसऱ्याच्या घरी पडलेला.
हे लोखंड कुणाचंच नसतं, गावभर फिरत असतं,
आदाउतोपेक्षा कुणाला जास्त ठाऊक?

'कुणी शिवला?' पोराने विचारलं.
आदाउतोने लिंदाल्वाकडे बोट दाखवलं.
तिच्या डोळ्यावर आता पट्टी नव्हती.
तिने झगा घेतला, फिरवला,
चीर नेमकी पोरासमोर येईल असा धरला
आणि म्हणाली, 'टाके बघ की.
हे माझे वाटतात तुला?'